पाहणीचा शिरा

"घ्या की अजून थोडा," म्हणत आईनं ट्रस्टच्या साहेबांच्या बशीत आणखी शिरा वाढला. नर्सिंगच्या शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला होता, म्हणून आमच्या घरची परिस्थिती बघायला ते आले होते.

ते बसले होते ती खुर्ची शेजारच्या काकूंची होती. टेबलफॅन आणि काचेचे पेलेही उसनेच. यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या आईनं एक दिवसाचा खाडा करून चार घरांतून हे सगळं गोळा केलं होतं. "असू दे की आहे तसं," असं मी सकाळी म्हटलं, तर माझ्यावरच उखडली. "दारात आलेला माणूस काय म्हणेल? बाप गेला म्हणून रीतभातही गेली?"

साहेबांनी शिरा चाटूनपुसून खाल्ला, फॅनकडे एकदा बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले. "प्रत्यक्ष पाहणीत घरची परिस्थिती चांगली आढळल्यामुळे..."

"चांगली म्हणाले ना?" आईचा चेहरा असा उजळला, की अर्ज नामंजूर केल्याची पुढची ओळ मी वाचलीच नाही.

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, देवापुढं ठेवलं आणि त्यावर चिमूटभर साखर ठेवली.

"आता तो पांढरा ड्रेस कुठं शिवून मिळतो, ते बघून ठेव."