एकहाती

ती गाडी त्या दिवशी विकली गेली नाही. पण हे आपल्याला अजून माहीत नाही असं धरून चालू, कारण विकणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

विकणाऱ्याला सगळे गॅरंटी म्हणत. बोलताना दर वाक्याला तो ती देई. लिहून मात्र आजवर कुणालाच दिली नव्हती. त्याच्या आवारात एकाच कंपनीच्या जुन्या फॅमिली गाड्या उभ्या असत, आणि तीही कंपनी अशी, की तिचं नाव काढलं की लोक हवापाण्यावर बोलू लागत.

"या गाड्या बंद पडत नाहीत, ताई," गिऱ्हाईक म्हणून आलेल्या सासू-सुनेपैकी गाडी चालवणाऱ्या सुनेला तो मागच्या सीटवर बसून सांगत होता. "चोरीलाही जात नाहीत. शेवटी चोरालाही चारचौघांत तोंड दाखवायचं असतं."

सून हसली नाही. तिने इंडिकेटर देऊन गाडी आवाराकडे वळवली. या कंपनीच्या गाड्यांत इंडिकेटरच्या जागी वायपरचा दांडा असतो. नवा माणूस पहिल्या वळणाला हमखास काच पुसतो. सुनेने सकाळपासून एकदाही पुसली नव्हती.

"सराव दिसतोय," गॅरंटी म्हणाला.

"कधीपासून याच चालवून बघतोय, काका. आईंना हवी तशी मिळत नाही."

शेजारी काळा चष्मा लावून बसलेली सासू म्हणाली, "हॉर्न वाजव."

सुनेने वाजवला.

"ही नको."

आधीच्या दोन गाड्याही अशाच नापास झाल्या होत्या. इंजिनाची चौकशी नाही, ॲव्हरेजची नाही. चाकांना लाथा घालणारी गिऱ्हाइकं गॅरंटीने पाहिली होती, डिकीत झोपून बघणाराही एक पाहिला होता. पण हॉर्नवरून गाडी पसंत करणारी ही पहिलीच पार्टी.

"साहेबांना आणायचं होतंत ना," तो म्हणाला. "त्यांची काय पसंती?"

"ते हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत."

"नशीब काढलंत, ताई."

आता एकच गाडी उरली होती. मागे भिंतीला लागून, कव्हराखाली. गॅरंटीची स्वतःची. ती आज जायलाच हवी होती. बायकोने सकाळी चहा पुढ्यात ठेवत सांगितलं होतं, "संध्याकाळी ती गाडी दिसली तर मी दिसणार नाही." हिवाळ्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती. आणि बायको गॅरंटी वगैरे देत नसे. सरळ करून दाखवत असे.

त्याने कव्हर ओढलं. "घरची आहे म्हणून काढत नव्हतो."

सून गाडीभोवती फिरली. "डावा दिवा नवा दिसतोय, काका."

"दगड उडाला."

"केवढा होता?" सासूने विचारलं.

"होता... मध्यम." गॅरंटीने घाईघाईने मागचं दार उघडलं. "हे बघा, फॅमिलीसाठी खास. पोरांचं कुलूप! आत बसलेल्याला दार उघडताच येत नाही. बाहेरून कुणी उघडेल तेव्हाच सुटका." आणि दाखवायचं म्हणून तो स्वतःच आत बसला आणि दार ओढून घेतलं.

सासूला हाताला धरून सुनेने पुढे बसवलं. डॅशबोर्डवर टाइप केलेली एक सूचना चिकटवलेली होती. मागे एक गिऱ्हाईक त्याला पेट्रोल पंपावर विसरून गेलं होतं, तेव्हापासून प्रत्येक गाडीत ती असे. सून वाचू लागली.

"ते सोडा हो. कायद्यापुरतं आहे."

गाडी रस्त्याला लागली.

"हॉर्न वाजव," सासू म्हणाली.

त्या हॉर्नच्या दोन सुरांपैकी एक मेलेला होता. सर्दी झालेल्या बदकाने हाक मारावी तसा आवाज आला. गॅरंटीने डोळे मिटून घेतले. "दुरुस्त करून देतो, मावशी. गॅरंटी."

"पुन्हा."

बदक पुन्हा ओरडलं. सासूने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"दुरुस्त नका करू. आजवर कुणाकुणाच्या हातात होती गाडी? भाऊ, मुलगा, ड्रायव्हर?"

"छे! एकहाती आहे. बायकोलासुद्धा स्टिअरिंगला हात लावू दिला नाही."

"एकदाही कुणाला दिली नाही?"

"एकदाही नाही. म्हणाल तर लिहून देतो!"

"द्या."

तोंडातून गेलं ते गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच गॅरंटीने गॅरंटी लिहून दिली. आपल्याच कार्डाच्या पाठीवर, 'नवी घेतल्यापासून मी एकट्यानेच चालवली', खाली सही. सासूने ते कार्ड बोटांनी चाचपून पिशवीत ठेवलं.

"सूनबाई, हीच."

गॅरंटीचा जीव भांड्यात पडला. बायकोला कळवायला त्याने फोन काढला. नाक्यावरून परत फिरायचं होतं. सून सरळ गेली.

"ताई, वळण मागे राहिलं."

"एक दुसरं वळण बघायचंय, काका. बंद गिरणीच्या मागचं."

फोनवरचा त्याचा अंगठा थांबला. "तिकडे रस्ता बरा नाही."

"माहीत आहे. दिवेही नसतात."

"मग कशाला उगाच? मावशींना धक्के बसतील."

"आईंना दिवे असले काय, नसले काय," सून आरशात त्याच्याकडे बघत म्हणाली. "त्यांना दिसत नाही. ऐकू मात्र फार छान येतं."

गिरणीची भिंत आली. गॅरंटीने दाराची कडी ओढली. दार त्याने वर्णन केलं होतं अगदी तसंच वागलं.

"हॉर्न आधी वाजवायचा असतो, भाऊ," सासू समोर तोंड ठेवून म्हणाली. "तुम्ही माझा हात धरून चालणारा मुलगा पडल्यावर वाजवलात."

सुनेने इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली. डॅशबोर्डवरची सूचना आता मागून स्वच्छ वाचता येत होती: 'गाडी चालवून पाहून झाल्यावर विक्रेत्यास जिथून आणले तिथे सुखरूप पोहोचवावे, ही नम्र विनंती.'