तिसरा उमेदवार

भैयाजींनी ईश्वरदासला बाकावरून उठवलं आणि दंडाला धरून व्हरांड्याच्या टोकाला, माठाजवळ नेलं. भैयाजी संस्थेचे सचिव. त्यांनी असं दंडाला धरलं की समोरच्याचं काहीतरी जाणार, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू समजदार मानूस आहे गा," भैयाजी हळूच म्हणाले. "हे जागा माह्या जावयाची आहे. मनोहरलेच घ्याचं आहे. पन मुलाखतीले तीन जन पायजे, नाही तं विद्यापीठाचा साहेब तसाच वापस जाते. म्हनून तुले बसवलं."

"पन भैयाजी, सहा वर्सं झाले मी इथंच इंग्रजी शिकवून राहिलो..."

"म्हनूनच तं भेव वाटते. तू नीट बोलला तं साहेबाले तूच पसंत पडशीन. थोडंसं बिघडव. जुलैत तुह्ये पिरेड तुलेच भेटतीन. माहा शब्द आहे."

ईश्वरदास इंग्रजीत एम.ए., तेही सेकंड क्लास. कोष्ट्यांच्या त्याच्या गल्लीत एवढं शिकलेला तो पहिलाच. पण कायमची जागा निघत नव्हती, म्हणून तासाच्या पैशांवर शिकवत होता. तास झाला तर पैसे. पोरं संपावर गेली की पैसेही संपावर. उन्हाळ्यात कॉलेज बंद झालं की हा एम.ए. इतवारीच्या बाजारातल्या एका दुकानात लुगड्यांच्या घड्या घालायचा आणि त्याची बायको देवकी शेजाऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. आज जागा निघाली होती. सातशेची नवी वेतनश्रेणी, महागाई भत्ता, उन्हाळ्याचाही पगार. सकाळी देवकीनं तांब्यात निखारे घालून त्याच्या शर्टाला इस्त्री केली होती.

नाही म्हणावं, तर जागा मिळेल याचा भरवसा नाही आणि जुलैचे तास मात्र नक्की जाणार. हो म्हणावं, तर आपल्या हातानं आपलंच ताट उलथवायचं. त्याला भैयाजींच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

"बरं," तो म्हणाला.

किती बिघडवायचं, हे मात्र भैयाजींनी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

आत प्राचार्य होते, भैयाजी होते आणि विद्यापीठाकडून आलेले तज्ज्ञ साहेब होते. साहेब हसतमुख वगैरे नव्हते, पण प्रश्न त्यांनी प्रेमानं विचारला, इंग्रजीत. ज्या मुलांच्या कानावर इंग्रजी कधी पडलेलंच नाही, अशी खेड्यातली मुलं पहिल्या वर्षाला समोर बसली आहेत. पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल?

 नेमकं हेच विचारायचं होतं? सहा वर्षं ईश्वरदास दुसरं काय करत होता? उत्तर ओठांपर्यंत आलं. भैयाजी पानाचा डबा उघडून त्याच्याकडेच बघत होते. त्यानं उत्तर गिळलं.

मग त्याला शेवटच्या बाकावरची पोरं आठवली. ती उठून कशी मान खाली घालतात, एक शब्द बोलून दुसऱ्यासाठी छताकडे कशी बघतात. त्यानं तसंच केलं. रोज बघितलेलं होतं, नक्कल हुबेहूब उतरली. साहेबांनी आणखी सोपं विचारलं, मग त्याहून सोपं. आता नीट बोललो तर सोंग उघडं पडेल, या धास्तीनं तो जास्तच चाचरू लागला. एकही वाक्य धड संपलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला.

"हे गृहस्थ इथं सहा वर्षं इंग्रजी शिकवतायत?"

"हो," प्राचार्य पुटपुटले.

"मुलांनी काय पाप केलंय?" साहेबांचा आवाज चढला. "मघाचे ते मनोहरराव चालतील, त्यांचं निदान वाक्य तरी पुरं होतं. पण यांना यापुढे एक तासही द्यायचा नाही. मी तसा लेखी शेरा देतोय."

भैयाजी खिडकीबाहेर बघू लागले.

बाहेर आल्यावर ईश्वरदासनं त्यांना गाठलं. "भैयाजी, सांगा ना त्यायले. तुमीच म्हनलं होतं."

"मी थोडंसं म्हनलं होतं ना, बावा!" भैयाजी खरोखरच वैतागले होते. "एवढं काहून बिघडवलं? आता साहेबानं लेखी देल्लं, मी काय करू?"

साहेब गाडीत बसत होते. गाडी भैयाजींचीच. ईश्वरदास पायऱ्या उतरून धावला आणि त्यानं खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली.

तो इंग्रजीत बोलू लागला. पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडतच नाही, सर. प्रत्येकाला त्याच्या गावचा आठवडी बाजार विचारतो. कांदे, बैल, बांगड्या, मुलं सांगतील ते फळ्यावर इंग्रजीत लिहितो. मग एकाला दुकानदार करतो, एकाला गिऱ्हाईक. तास संपेपर्यंत सगळ्यात बुजरा मुलगा इंग्रजीत घासाघीस करायला लागतो, सर. तो जे विकतोय ते त्याच्या घरचं असतं, म्हणून त्याला भीती वाटत नाही.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण इंग्रजी कुठंही अडलं नाही. साहेबांनी ड्रायव्हरला हातानं थांबवलं आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पाठांतर चांगलं आहे," ते मराठीत म्हणाले. "आत आठवायला हवं होतं."