मालकांनी घातलेली माळ

मुंजाजीच्या पायात देव होता आणि घशात दारू. गंगाखेडच्या सप्त्यात, भर कीर्तनात, फुटबॉल संघाचे मालक भगवानराव यांनी स्वतः त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून तो दारूला शिवला नाही. गोल मात्र धडाधड मारत सुटला. ते पाहून कोल्हापूरच्या संघानं आपला गोलरक्षक देऊन बदल्यात त्याला घेतलं. निरोपाला मुंजाजी मालकांच्या पाया पडला. "माळ उतरव," मालक म्हणाले. "मालक, हिच्याच जोरावर उभा हाय मी." "म्हणूनच म्हणायलोय, बाबा. पुढच्या महिन्यात तू आमच्यावरच गोल मारायला येणार. मी घातली, मीच काढणार." मुंजाजीनं मान वाकवली. मालकांनी माळ काढली, भक्तिभावानं कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि शाल-नारळाची पिशवी त्याच्या हातात दिली. बसमध्ये त्यानं ती उघडली. नारळाखाली त्याच्या जुन्या आवडीची बाटली होती.