हातावरचं नाव

सुइ-हुआ आजी नातीला घरी न्यायला ताइपेइतल्या संसदेसमोरच्या रस्त्यावर पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण छत्री आणि बोलणी दोन्ही तयार ठेवून आली होती. आणि समोर पाहते तर काय, हजारो माणसं भुरभुर पावसात मांडी घालून बसलेली आणि कुणाचा आवाज चढलेला नाही. मधोमध एक चिंचोळी वाट मोकळी ठेवलेली.

ती वाटेच्या तोंडाशीच थबकली. तिच्या लहानपणी याच शहरात रस्ता असा मोकळा झाला, की मागून शिपाई यायचे.

"या ना आजी, बिनधास्त," बसलेली एक बाई म्हणाली. "रुग्णवाहिकेसाठी ठेवलीय. तोवर तुम्ही वापरा."

आजी चालू लागली. दोन्ही बाजूंनी रंगीबेरंगी रेनकोट हळूहळू मागे सरकत होते, आणि पाय जमिनीला लागतायत की नाही हेच तिला कळेना. तापात चालल्यासारखं वाटत होतं. लहानपणीसारखा दादा पुढेच चाललाय, आता वळून हसेल, असंही वाटून गेलं.

दादा वळला नाही. यीनिंग, तिची नात, मात्र दिसली. बाही वर केलेली, आणि उघड्या हातावर काळ्या शाईने ठळक लिहिलेलं स्वतःचं नाव, खाली फोन नंबर.

आजीने तिचा हात धरला. "पूस ते."

"आजी, बस तरी आधी."

"आधी पूस. यादीत नाव गेलं की माणूस जातो. अक्कल गहाण टाकलीस का गं?" ओला रुमाल काढून ती घासायलाच लागली. शाई हटेना.

"अगं, यादी नाही ही. मी चक्कर येऊन पडले तर कुणाला कळवायचं, ते लिहिलंय. नंबर बघ की कुणाचा आहे."

नंबर आजीच्याच घरचा होता. तिचा हात थांबला.

मोठ्या पडद्यावर सभागृह दिसत होतं. संसदेने कुणालाही बोलावून जाब विचारायचा, नाही दिला तर शिक्षा करायची, असं विधेयक होतं, आणि त्याच्याच विरोधात ही सगळी माणसं बसली होती. सदस्य हात वर करत होते आणि कुणीतरी ते मोजत होतं.

"ज्यांनी हात वर केला, त्यांची नावं नाही लिहीत?" आजीने विचारलं.

"नाही. नुसते हात मोजतात."

आजीने रुमाल घडी करून ठेवला. ती दहा वर्षांची असताना दादाचं नाव सरकारच्या एका यादीत निघालं होतं आणि तो परत आला नव्हता. त्यानंतर घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. आईनेसुद्धा नाही.

तिने बाही वर सरकवली. "आण ते पेन. लिही, सू बेंग-तेक."

यीनिंगने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. "कोण गं हा?"

"माझा दादा. रताळ्याची पेज करून ठेव, संध्याकाळी येतो, म्हणून गेला. एकोणीस वर्षांचा होता."

यीनिंगने एकेक अक्षर सावकाश लिहिलं. सुरकुत्यांवरून पेन नीट चालत नव्हतं. "आणि नंबर?"

"माझाच घाल," आजी म्हणाली आणि नातीशेजारी मांडी घालून बसली.

पाऊस वाढला. शाई वाळेपर्यंत तिने छत्री डोक्यावर घेतली नाही, हातावर धरली.