चाळिसावं रोप

हौदातलं आपलं भात पाण्याच्या वर चांगलं हातभर आलेलं बघून बापाची छाती फुगली. तीन रांगांपैकी मधली त्याची. आजूबाजूच्या दोन रांगांचा तर पत्ताच नव्हता, त्या गढूळ पाण्याखाली कुठेतरी असतील नसतील. "बाकीच्यांना पोहता येत नाही वाटतं," तो लेकीला म्हणाला आणि स्वतःच खुदकन हसला.

लेक हसली नाही. या भात संशोधन केंद्रात तिला सगळे पाणीवाली म्हणत, कारण हौद भरायचे, पाण्याची उंची मोजायची आणि व्हॉल्व सोडायचा, हे तिचं काम. पाच वर्षं करत होती, तेही हंगामी. कायम करण्याचा कागद आता कुठे केंद्रप्रमुख मॅडमच्या टेबलावर सहीला गेला होता.

बुडालेलं भात दोनपैकी एक करतं, हे तिला एव्हाना पाठ होतं. एक जात पाण्याखाली गप्प बसते, वाढ थांबवते, अंगातलं अन्न पुरवून पुरवून खाते. दुसरी पाण्याच्या पुढे धावते. दिवसाला वीतभर वाढते, शेंडा हवेत काढते आणि पोकळ दांड्यातून ती हवा पार मुळांपर्यंत पोचवते. बापाची जात ही धावणारी. त्याच्या खोलगट रानात पाणी सावकाश चढायचं आणि कापणीपर्यंत ठाण मांडून बसायचं. पीक होडीत बसून कापायचे. पण केंद्रातली परीक्षा सगळ्यांना एकच. पंधरा दिवस बुडवायचं, मग सगळं पाणी सोडून द्यायचं आणि तासाभराने उभी रोपं मोजायची. पास झालेल्या जातीचं बियाणं केंद्र वाढवून परत देई. नापास जात खड्ड्यात.

हे शेवटचं तिने बापाला सांगितलंच नव्हतं. घरातलं बाकी बियाणं कुजून गेलं होतं, उरलं होतं डबाभर. तो डबा तिनेच गोड बोलून काढून घेतला होता, पोत्याने परत मिळेल म्हणून. नवी जात आणली की मॅडमच्या नजरेत भरता येईल, एवढाच हिशेब तिने केला होता. डब्यातलं बहुतेक दळून आणि भिजवून तपासण्यात संपलं. आता त्या भाताचं जगात जे काही होतं ते या हौदात, चाळीस रोपं.

मॅडम आल्या आणि म्हणाल्या, सोडा. तिने व्हॉल्व फिरवला.

पाणी गुडघाभर उतरलं तशी मधली रांग डुलायला लागली. आणखी उतरलं तशी लांबच लांब दांडे एकमेकांच्या अंगावर कलले आणि ओल्या दोऱ्यांसारखे चिखलात पडले. बाजूच्या दोन रांगा मात्र वर आल्या. ठेंगण्या, शेवाळाने माखलेल्या, पण ताठ. बाप काठावर उकिडवा बसला. एक दांडा त्याने हाताने उभा धरला. हात काढला की तो पुन्हा पडायचा.

"पाणी भर गं परत," तो म्हणाला. "उठतील ती."

उठली असती. तिला चांगलं माहीत होतं. पण तिने मॅडमकडे बघितलं. बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी बापाला नीट समजावून सांगितलं, की परीक्षा सगळ्यांना सारखी, आणि उद्या हा हौद दुसऱ्या जातींना लागणार आहे. मग तास भरला आणि उभ्या रोपांच्या रकान्यात शून्य पडलं.

उपटायला बाप स्वतः चिखलात उतरला. माझ्या हाताने काढतो म्हणाला. कुणी अडवलं नाही. नियम एवढाच, की हौदातलं एकही रोप केंद्राबाहेर जाता कामा नये, रोगराई पसरते. सगळी मोजून खड्ड्यात टाकायची.

लेकीने मोजली. पुन्हा मोजली. मग तिचं लक्ष बापाकडे गेलं. त्याने सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली होती आणि खालून पाणी ठिबकत होतं. या भाताच्या पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात. एक रोप हाती लागलं तरी त्याचं रान पुन्हा उभं राहिलं असतं. हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही.

"किती झाली?" मॅडमने वहीतून मान वर न करता विचारलं.

चाळीस म्हणायला काय जात होतं तिचं? मॅडम काही खड्ड्यात उतरून मोजणार नव्हत्या. चाळीस अगदी जिभेवर आलं होतं. पण नंतर कधी कळलं तर? कागदावर सही अजून व्हायची होती.

"एकोणचाळीस," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "बाबा, द्या ते."

थट्टा करतेय असं वाटून तो हसायला गेला. मग त्याने बटणं काढली. छातीशी गुंडाळून ठेवलेलं रोप बाहेर काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. थोडी पांढरी मुळं त्याच्या अंगाला चिकटून राहिली होती; तीही एकेक करून वेचून दिली. तिने सगळं खड्ड्यात टाकलं.

"चाळीस."

मॅडमना खरंच भरून आलं. वही मिटून त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "काका, अशी प्रामाणिक मुलगी नशिबाने मिळते. तुमचेच संस्कार."

बापाने हात सदऱ्याला पुसले. चिखल निघाला नाही, तसेच जोडले.

"लक्ष असू द्या तिच्यावर," तो म्हणाला.