दादांच्या चहाची पट्टी

पहिल्याच दिवशी केमिस्टची करंगळी मोडली, ती नुसती ओळख म्हणून.

"टायपिंगला नऊ बोटं रग्गड," दादा म्हणाले.

आपल्याला कुणीतरी चहातून विष घालणार, अशी दादांना कुणकुण लागली होती. त्यांना चहात बुडवली की निळी पडणारी पट्टी हवी होती. ती जमेपर्यंत केमिस्टला तळघरातून सुट्टी नव्हती. नाही जमली तर कायमची सुट्टी होती.

कॉम्प्युटरवर तो विषाच्या रेणूभोवती नाना तऱ्हेचे छोटे रेणू फिरवून बघायचा. कोण त्याला घट्ट धरतं, कोण हात सोडतं. घट्ट धरणाऱ्यांचं प्लास्टिक त्याच्याभोवती जमवायचं, मग विष धुऊन काढायचं. मागे उरतो नेमका त्याच्या मापाचा खळगा. पुन्हा तेच विष आलं, की खळग्यात अडकलंच, आणि पट्टी निळी.

"साबणात चावी दाबतात तसं," दादा म्हणाले. त्यांचा जुना धंदा.

"अगदी तसंच."

दादांनी पडद्यावरची षट्कोनी आकृती निरखली. "हे विष? दिसतंय तर गरीब बिचारं."

पट्टी तयार झाली. साध्या पाण्यात पांढरी. केमिस्टने 'विष' लिहिलेल्या बाटलीतला थेंब टाकला, निळीशार! दादांनी त्याची पाठ थोपटली. एक बरगडी कुरकुरली.

आचाऱ्याचा चहा आला. पट्टी निळी. आचारी जिना उतरला, पण पायऱ्या न वापरता.

ड्रायव्हरने चहा केला. निळी. दादांच्या मेहुण्याने ड्रायव्हरला त्याच्याच डिकीत घातलं आणि नदीवरून एकटाच परतला.

मग मेहुण्याने स्वतः कप आणला. "भावोजी, माझ्या हातचा. बिनधास्त घ्या."

निळी.

"आता बायको माहेराहून आली की काय सांगू?" असं पुटपुटत दादांनी पिस्तूल त्याच्यावर रिकामं केलं.

बंगला चिडीचूप झाला. कप अजून वाफाळत होता. दादांनी हातोडा उचलला.

"मास्तर, पट्टी चुकत तर नाही ना?"

"छे."

"मग पी हा. बरोबर असेल तर मरशील, चुकली असेल तर मी मारीन."

केमिस्टने फुंकर मारत मारत कप तळापर्यंत संपवला. ओठ पुसले. दादा बघत राहिले. केमिस्ट काही मरेना.

दादांनी हाक मारायला तोंड उघडलं. हाकेला ओ द्यायला कुणी उरलंच नव्हतं. हातातला हातोडा गळून पडला. केमिस्टने तो उचलला.

"पट्टी बरोबरच आहे, दादा," तो म्हणाला. "साखर पकडते."