गप्प ठेवणारं प्रथिन

थोरली न सांगता प्रयोगशाळेत आली, तेव्हा धाकटी धुतलेल्याच नळ्या पुन्हा धूत होती.

"उद्या माझं ऑपरेशन, आणि तू फोन उचलत नाहीस." थोरली स्टूल ओढून बसली. "तुझं ते प्रथिन दाखव. ज्याच्यापायी चांगले स्तन काढून घेतेय, त्याचं तोंड तरी बघू दे."

धाकटीने उजेडाच्या पेटीवर एक फिल्म ठेवली.

"पेशीत जनुकं सारखी वाचली जातात. हे प्रथिन वाचणाऱ्यांच्या शेजारी बसतं. हे वाच, ते वाचू नको, असं बजावतं."

"म्हणजे सासूच की!"

धाकटीला हसू आलं, पण टिकलं नाही. "ही जागा कोरी आहे ना? इथे प्रथिन धड आहे, म्हणून हे जनुक गप्प. आणि इथे प्रथिन मोडकं. तेच जनुक बघ कसं बोंबलतंय."

थोरलीने त्या काळ्या पट्ट्यावर बोट टेकवलं. "आईच्या कॅन्सरात असं झालं."

"हो. तिच्याकडून तुला या प्रथिनाच्या जनुकाची बिघडलेली प्रत आली. बाबांकडची अजून सांभाळतेय."

"अजून," थोरली म्हणाली.

धाकटी उठली. खिडकी उघडली, लगेच लावली. पुन्हा नळ सोडला.

"आणि तुझं काय निघालं?"

धाकटीने आणखी एक नळी पाण्याखाली धरली.

"तपासलंच नाहीस?"

"कळलं तर रोज या पट्ट्यांकडे बघू कशी? आत्ता निदान हात तरी चालतात."

"माझ्या मात्र हात धुवून मागे लागलीस."

"तुला मुली आहेत, ताई."

"आणि मला बहीण आहे." थोरलीने नळ बंद केला. "चल. उद्यासाठी खाली रक्त द्यायचंय मला. दोघी देऊ, तू तुझ्या तपासणीसाठी."

"आत्ता? माझं यंत्र चालू आहे..."

"चालू दे."

धाकटी निघाली. दोन्ही जिन्यांवर ती काहीबाही बोलत होती, थोरली नुसती हं हं करत होती. रक्त घेणाऱ्या बाईने "हात पुढे करा" म्हटलं, तेव्हा कुठे धाकटीच्या लक्षात आलं, रबरी हातमोजे तसेच राहिलेत. घामाने चिकटलेले. तिला ते निघेनात.

थोरली पुढे झाली. एकेक बोट सोडवत तिने ते ओढून काढले, आणि बहिणीची बाही कोपराच्या वर सारली.